दुरांगोचा रस्ता आणि ताओसचा रस्ता: सांता फेचे पहिले बिशप लामी यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

9 ऑगस्ट 1851 रोजी जाँ-बाप्तिस्त लामी आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या सांता फे गावात पोचले. वय 36. जन्म फ्रान्समधल्या ओव्हेर्न भागातला, 1839 पासून ओहायो आणि केंटकीत धर्मगुरू म्हणून काम, इंग्रजी चांगली, स्पॅनिश नुकती शिकायला घेतलेली. वाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर बोट फुटून पुस्तकं आणि बरंचसं सामान गेलं होतं. पुढे सान अंतोनियोजवळ गाडीतून उडी मारताना पाय दुखावला आणि काही महिने तिथेच काढावे लागले. एवढं सोसून आलेल्या नव्या बिशपचं स्वागत मात्र थाटात झालं. लोक गावाबाहेर सामोरे गेले, आणि तिथले व्हिकर (बिशपचे स्थानिक प्रतिनिधी) हुआन फेलिपे ओर्तिझ यांनी राहायला स्वतःचं घर दिलं.

लामी ज्या प्रदेशात आले तो पाच वर्षांपूर्वीपर्यंत मेक्सिकोत होता. 1846 मध्ये अमेरिकी फौजेनं सांता फे घेतलं, 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानं न्यू मेक्सिको कायमचं अमेरिकेकडे गेलं. मधल्या काळात, 1847 च्या जानेवारीत, सांता फेच्या उत्तरेला असलेल्या ताओस गावात बंड होऊन अमेरिकी गव्हर्नर चार्ल्स बेंट मारले गेले होते. 1850 च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे 61,500 भरली. त्यात बहुसंख्य स्पॅनिश बोलणारे कॅथलिक, शिवाय रिओ ग्रांदेच्या काठची पुएब्लो आदिवासींची गावं. एवढ्या पसाऱ्याला धर्मगुरू जेमतेम डझनभर.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. स्पॅनिश राजवटीत इथली मिशनं फ्रान्सिस्कन संन्यासी चालवत. ते हळूहळू कमी होत गेले. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर मदत आटली, आणि बिशप बसायचे दूर, मेक्सिकोतल्या दुरांगोला. तिथले बिशप सुबिरिया यांनी 1833, 1845 आणि 1850 अशा तीन फेऱ्या केल्या. एरवी इथला धर्म स्थानिक माणसांनीच टिकवला. गावोगावचे पेनितेंते म्हणजे प्रापंचिकांचे बंधुसंघ होते. प्रार्थना, आजाऱ्यांची सेवा, अंत्यविधी आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातली कडक प्रायश्चित्तं त्यांच्याकडे असत. आणि काही मोजके स्थानिक धर्मगुरू होते, त्यांत सर्वांत मोठं नाव ताओसचे अंतोनियो होसे मार्तिनेझ.

मार्तिनेझ 1793 चे, अबिक्यूचे. तरुणपणी लग्न झालं, बायको लवकर वारली, मग दुरांगोला शिकून 1822 मध्ये धर्मगुरू झाले. 1826 पासून ताओसला. तिथे त्यांनी शाळा काढली, छापखाना मिळवला, मुलांसाठी पुस्तकं छापली. त्यांच्या हाताखाली शिकलेली अनेक मुलं पुढे धर्मगुरू झाली. म्हणजे त्या प्रदेशात धर्मगुरू तयार करणारी एकच जागा होती आणि ती या माणसाच्या घरात होती. मेक्सिकोच्या काळात ते लोकप्रतिनिधी होते. अमेरिकी राज्य आल्यावर त्यांनी नवी सत्ता मान्य केली आणि नव्या विधिमंडळातही बसले. लामी आले तेव्हा मार्तिनेझ विरोधक नव्हते, हे इथेच नोंदवून ठेवतो.

अडचण

स्वागत आटोपल्यावर ओर्तिझ आणि इतर धर्मगुरूंनी लामींना सांगितलं की आमचे बिशप दुरांगोचे सुबिरिया आहेत. त्यांच्याकडून आम्हाला काही कळलेलं नाही. ते कळेपर्यंत तुमचा अधिकार आम्हाला मानता येत नाही.

लामींच्या चरित्रकथांमध्ये हा प्रसंग अनेकदा हटवादी पाद्र्यांची अडवणूक म्हणून येतो. मला तसं वाटत नाही. धर्मगुरूंनी ज्या बिशपला आज्ञापालनाचं वचन दिलेलं असतं, त्या बिशपनं मोकळं केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाताखाली जाणं हा त्यांच्या दृष्टीनं वचनभंग होता. चूक वर झाली होती. बाल्टिमोरला जमलेल्या अमेरिकी बिशपांनी 1849 मध्ये शिफारस केली, पोप नववे पायस यांनी 1850 च्या जुलैत न्यू मेक्सिकोचा वेगळा व्हिकारिएट (पूर्ण धर्मप्रांत होण्याआधीचं क्षेत्र) केला आणि लामींना नेमलं. 24 नोव्हेंबरला सिनसिनाटीत त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. पण ज्यांच्या ताब्यातून हा प्रदेश काढला त्या सुबिरियांपर्यंत हे नीट पोचलंच नव्हतं. तहानं सीमा बदलली, रोमनं धर्मप्रांताची सीमा बदलली, आणि मधल्या माणसाला कोणी सांगितलं नाही.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. त्याच वर्षांत मुंबईतही 'आमचा बिशप कोण' यावरून कॅथलिक समाज दुभंगलेला होता. एका बाजूला गोव्याशी बांधलेला पोर्तुगीज पदरोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाची व्यवस्था), दुसऱ्या बाजूला थेट रोमची प्रोपगांडा (धर्मप्रसाराचं खातं). 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून हे इतकं पेटलं की प्रोपगांडाचे बिशप अनास्तासियस हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले होते. राज्य बदललं की देवळाच्या किल्ल्या कोणाकडे राहायच्या, हा प्रश्न तेव्हा पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वेळी विचारला जात होता.

समोरचे मार्ग

लामींच्या हातात रोमचा हुकूम होता. तो दाखवून ते म्हणू शकत होते की मानत नसाल त्याला निलंबित करतो. कायद्याच्या दृष्टीनं त्यांची बाजू भक्कम होती. पण डझनभरातले निम्मे निलंबित केले तर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोण म्हणणार, मुलांना स्नानसंस्कार कोण देणार? त्यांच्यासोबत त्यांचा जुना सोबती जोसेफ माशबफ होता, बाकी कोणी नाही.

दुसरा मार्ग अमेरिकी प्रशासनाचा. नवा गव्हर्नर, नवं न्यायालय, छावणी, सगळं हाताशी होतं. पण चार वर्षांपूर्वी ज्या लोकांनी बंड केलं होतं त्यांच्यापुढे फौजेच्या आधारानं उभा राहिलेला बिशप कायमचा 'त्यांचा' ठरला असता. इथे एक घडलेली गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच ऑगस्टमध्ये सांता फेच्या चौकातलं कास्त्रेन्से नावाचं जुनं फौजी चॅपेल अमेरिकी न्यायाधीशानं कचेरी म्हणून वापरायला घेतलं होतं. तिथे पूर्वजांच्या कबरी होत्या. लोक खवळले, आणि शेवटी ती जागा लामींच्या हवाली करावी लागली. आल्याआल्याच नवा बिशप लोकांच्या बाजूनं उभा दिसला. प्रशासनाच्या खांद्यावर बंदूक ठेवून त्यांनी धर्मगुरूंना वाकवलं असतं तर ही कमाई तिथेच संपली असती.

तिसरा मार्ग, पत्र लिहून उत्तराची वाट बघायची. त्या काळच्या टपालाचा हिशेब धरला तर महिनोन्महिने गेले असते, आणि तोवर सांता फेत अधिकार नसलेला बिशप बसून राहिला असता. रिकामा बसलेला अधिकारी रोज थोडा थोडा लहान होत जातो.

चौथा मार्ग म्हणजे स्वतः दुरांगोला जाणं.

पहिला निर्णय: दुरांगो

लामी गेले. शरदात निघाले, घोड्यावरून. एका बाजूचं अंतर सुमारे 1500 किलोमीटर. रिओ ग्रांदेच्या काठानं दक्षिणेला, निर्जळी वाळवंटाचा टापू ओलांडून एल पासो, मग चिवावाच्या माळांतून दुरांगो. वाट अपाचे टोळ्यांच्या मुलखातून जात होती. सांता फेची जबाबदारी माशबफकडे होती.

सुबिरियांना भेटून त्यांनी आपली कागदपत्रं दाखवली. म्हाताऱ्या बिशपनं ती पाहिली आणि मान्य केली, आणि आपला हक्क सोडत असल्याचं लेखी दिलं. 10 जानेवारी 1852 रोजी लामी परत सांता फेत होते. धर्मगुरूंनी त्यांचा अधिकार स्वीकारला.

मला या निर्णयातली सर्वांत मोलाची गोष्ट धाडस वाटत नाही, जरी ते होतंच. लामींनी समोरच्यांची हरकत खरी मानली. तुम्हाला तुमच्या बिशपचा शब्द हवा आहे ना, मग मी तो घेऊन येतो. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या नकाराला त्यांनी मान दिला, आणि तो दूर करण्याचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. इतक्या लांबून आलेल्या कागदावर मग कोणी शंका घेतली नाही. सगळ्या प्रकरणात हा एकच निर्णय असा आहे की ज्यात काही बदलावं असं मला वाटत नाही.

परतल्यानंतर

1852 च्या वसंतात लामी पुन्हा निघाले, या वेळी पूर्वेला, बाल्टिमोरच्या परिषदेसाठी. परतताना केंटकीहून लोरेटो संघाच्या धर्मभगिनी आणल्या. निघाल्या सहा. प्रमुख भगिनी वाटेत पटकीनं वारल्या, एक आजारपणामुळे मागे राहिली, आणि सप्टेंबरअखेर चौघी सांता फेत पोचल्या. त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. या प्रदेशातल्या मुलींसाठी ती फार मोठी गोष्ट होती.

त्याच वर्षी कटकटीही सुरू झाल्या. आल्बुकर्कीचे धर्मगुरू होसे मानुएल गालेगोस हे मार्तिनेझ यांचे विद्यार्थी. देखणे, लोकप्रिय, राजकारणात रस असलेले. त्यांचं दुकान रविवारीही उघडं असे आणि घरात एक स्त्री राहत असे, अशा तक्रारी होत्या. ते व्यापारासाठी मेक्सिकोला गेलेले असताना लामींनी त्यांना निलंबित केलं आणि माशबफ यांनी आल्बुकर्कीचा धर्मग्राम (एका चर्चखालचा परिसर) ताब्यात घेतला. शेकडो कुटुंबप्रमुखांनी गालेगोसांच्या बाजूनं अर्ज केला. तो चालला नाही. गालेगोसांनी झगा उतरवला, निवडणूक लढवली, आणि 1853 मध्ये न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी म्हणून ते वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेले.

शिस्तीच्या दृष्टीनं लामींकडे कारण होतं, हे मान्य करायला हवं. पण माणूस गावात नसताना त्याची जागा घेणं हे लोकांना कसं दिसलं असेल? आणि ज्या माणसाला लोक मतं देऊन काँग्रेसमध्ये पाठवतात, त्याच्याबद्दल बिशपचा आणि लोकांचा अंदाज किती वेगळा होता, हे तिथे उघड झालं. सांता फेत ओर्तिझ यांच्याशीही बिनसलं. धर्मग्रामाची वाटणी करून एक भाग लामींनी स्वतःकडे घ्यायचं ठरवलं, ओर्तिझ यांनी नकार दिला आणि ते दुरांगोला निघून गेले. ज्यानं आल्या दिवशी आपलं घर दिलं होतं, तोच माणूस.

लामींच्या आणि माशबफ यांच्या पत्रांतून स्थानिक धर्मगुरूंबद्दल एक पक्कं मत दिसतं: ही माणसं बिघडलेली आहेत, आता फ्रान्सहून नवी आणली पाहिजेत. काहींचं वागणं खरोखरच नियमाबाहेरचं होतं. मार्तिनेझ यांना धर्मगुरू झाल्यावरही मुलं झाली होती, असं आज इतिहासकार सर्वसाधारणपणे मानतात. पण चाळीस-पन्नास वर्षं जवळजवळ वाऱ्यावर सोडलेल्या प्रदेशात याच माणसांनी दिवा तेवत ठेवला होता, हे त्या पत्रांत फारसं येत नाही. संख्येचा तुटवडा बिशपना चारित्र्याचा तुटवडा म्हणून दिसला. माझ्या मते पुढच्या प्रत्येक चुकीचं मूळ इथे आहे.

दुसरा निर्णय: दशमांश

29 जुलै 1853 रोजी सांता फे पूर्ण धर्मप्रांत झाला. शाळा हव्या होत्या, देवळांची डागडुजी हवी होती, युरोपहून येणाऱ्या धर्मगुरूंचा प्रवासखर्च होता. ल्यों शहरातल्या धर्मप्रसार संस्थेकडून पैसे येत, पण ते पुरणारे नव्हते. अमेरिकेत सरकार चर्चला एक पैसा देत नाही.

लामींनी दोन गोष्टी केल्या. आधी लग्न, स्नानसंस्कार आणि दफन यांच्या फीमध्ये मोठी कपात केली. गरिबांना दिलासा मिळाला. पण स्थानिक धर्मगुरू याच फीवर जगत होते, त्यांच्या उत्पन्नाला कात्री लागली. मग जानेवारी 1854 च्या पत्रकात त्यांनी दशमांशाबद्दल, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाबद्दल, कडक नियम घातला: जे कुटुंबप्रमुख दशमांश देणार नाहीत त्यांना संस्कार देऊ नयेत, आणि त्यांच्या घरच्यांकडून वाढीव फी घ्यावी.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. 1833 मध्ये मेक्सिको सरकारनं दशमांशाची कायदेशीर सक्ती उठवली होती. वीस वर्षं ती सक्ती नव्हती. आता परका राज्यकर्ता आला, परका बिशप आला, आणि धान्याचा, मेंढरांचा दहावा हिस्सा दिला नाही तर मरताना परमप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर) नाही. मार्तिनेझ यांनी मेक्सिकोच्या काळातच गरिबांवरच्या या ओझ्याविरुद्ध लिहिलं होतं. त्यांना हे पत्रक म्हणजे संस्कारांचा बाजार वाटला. तसं त्यांनी म्हटलंही.

इथे वेगळे मार्ग होते. फी कमी करण्याआधी धर्मगुरूंना बसवून उत्पन्नाचा हिशेब मांडता आला असता. दशमांश ऐच्छिक ठेवून तो कुठे खर्च होतो ते गावागावात सांगता आलं असतं, कारण लोरेटो भगिनींच्या शाळेसारखं दाखवण्याजोगं काम हातात होतं. पैशाची गरज खरी होती याबद्दल वाद नाही. पण संस्कार रोखण्याचा दंड एकदा पत्रकात लिहिला की दशमांशाचा प्रश्न पैशाचा राहत नाही. 1856 च्या सुरुवातीला विधिमंडळातल्या काही सदस्यांनी लामी आणि माशबफ यांच्याविरुद्ध थेट पोपकडे तक्रार पाठवली. माशबफ यांच्यावर पापनिवेदनातलं, म्हणजे लोकांनी धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीतलं, गुपित फोडल्याचाही आरोप होता. माशबफ स्वतः रोमला जाऊन आपली बाजू मांडून आले, आणि रोमनं बिशपना हात लावला नाही. लामी जिंकले. पण आता त्यांच्याविरुद्ध बोलणारे धर्मगुरूंपुरते उरले नव्हते.

तिसरा निर्णय: ताओस

या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

1856 मध्ये मार्तिनेझ साठीच्या पुढे होते, संधिवातानं त्रस्त. त्यांनी बिशपना कळवलं की तब्येत साथ देत नाही आणि ताओसच्या कामातून बाजूला व्हायचं मनात आहे. मात्र आपल्या जागी आपण शिकवलेला एखादा स्थानिक तरुण धर्मगुरू यावा, म्हणजे त्याला हाताशी धरून काम सोपवता येईल, अशी त्यांची इच्छा होती. पत्राचा सूर राजीनाम्याचा कमी आणि वारस नेमण्याच्या विनंतीचा जास्त होता.

लामींनी राजीनामा तेवढा उचलला. ताओसला त्यांनी दामासो तालाद्रिद या स्पॅनिश धर्मगुरूला नेमलं. तालाद्रिद युरोपातून नवे आलेले, तापट, आणि मार्तिनेझ यांना मान द्यायला तयार नसलेले. मार्तिनेझ यांना चर्चमध्ये मिस्सा म्हणायची तर वेळेवरून वाद, नातेवाइकांच्या लग्नकार्यात वाद. शेवटी मार्तिनेझ यांनी घरातच छोटं प्रार्थनास्थळ केलं. तीस वर्षांपासून त्यांच्याशी जोडलेले लोक त्यांच्याकडेच जाऊ लागले. मग त्यांनी सांता फेच्या वर्तमानपत्रात लामींच्या दशमांशावर आणि कारभारावर जाहीर पत्रं लिहिली. ऑक्टोबर 1856 मध्ये लामींनी त्यांना निलंबित केलं.

पुढच्या वर्षी लामींनी तालाद्रिदला हलवलं आणि ओर्तिझ घराण्यातल्याच युलोहियो ओर्तिझ यांना ताओसला पाठवलं. म्हणजे पहिली नेमणूक चुकली हे त्यांना कळलं होतं. पण तोवर मार्तिनेझ मागे यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की चर्चच्या कायद्यात ठरवून दिलेल्या पायऱ्या न चढताच मला दंड दिला, म्हणून तो दंड वैध नाही. कायद्याचा अभ्यास असलेल्या माणसाला हे म्हणण्याचा हक्क होता. 1858 मध्ये त्यांना धर्मबहिष्कृत केल्याचं माशबफ यांनी ताओसच्या चर्चमध्ये जाहीर केलं. अरोयो होंदोचे धर्मगुरू मारियानो लुसेरो यांनाही तोच दंड झाला.

सांता फे ते ताओस सुमारे 110 किलोमीटर. घोड्यावरून दोन-तीन दिवसांची वाट. हाच माणूस 1851 मध्ये पंधराशे किलोमीटर गेला होता, कारण समोरच्यांना एक शब्द हवा होता. 1856 मध्ये समोरच्याला पुन्हा एक शब्दच हवा होता: माझ्या जागी माझा विद्यार्थी येईल का? या वेळी मुख्यतः पत्रं गेली, पत्रकं निघाली, मधले लोक बोलले. पाच वर्षांत लामींची हिंमत कमी झाली नव्हती. पुढेही ते आयुष्यभर घोड्यावर होते. फरक अधिकारात पडला होता. दुरांगोला गेले तेव्हा त्यांच्याकडे तो नव्हता, आणि ताओसच्या वेळी भरपूर होता.

लामींच्या बाजूनंही एक गोष्ट मांडायला हवी. मार्तिनेझ यांच्या शिष्याला ताओस दिलं असतं तर ते गाव कायमचं एका घराण्याचं संस्थान झालं असतं, अशी भीती त्यांना वाटली असणं शक्य आहे. मार्तिनेझ यांचं कुटुंब श्रीमंत होतं, राजकारणात होतं, आणि मार्तिनेझ स्वतः सहजासहजी ऐकून घेणारे नव्हते. पण या भीतीवर उपाय होता. वर्षभराच्या मुदतीनं स्थानिक धर्मगुरू नेमून, दरम्यान मार्तिनेझ यांना शाळा चालवण्याचं काम अधिकृतपणे देता आलं असतं. धर्मप्रांताला धर्मगुरू हवे होते, आणि ते घडवणारा माणूस ताओसला बसून होता.

निष्पत्ती

मार्तिनेझ यांनी आपलं घरचं प्रार्थनास्थळ सोडलं नाही. 27 जुलै 1867 रोजी ते वारले, तोवर ताओसमध्ये त्यांच्यामागे जाणारी कुटुंबं होती. दोन वर्षांनी येशूसंघी धर्मगुरूंनी ताओसला मिशन, म्हणजे काही दिवसांचा प्रवचन-प्रार्थनांचा कार्यक्रम, भरवलं आणि त्यातली बरीच कुटुंबं परत आली. बिशपच्या दंडानं जे अकरा वर्षांत झालं नाही, ते काही दिवस घरोघरी जाऊन बसल्यानं झालं.

लामींच्या खात्यावर जमा बाजू मोठी आहे आणि ती मोठीच लिहायला हवी. 1859 मध्ये ख्रिश्चन ब्रदर्स हा शिक्षणाचं काम करणारा संघ आला आणि मुलांची शाळा सुरू झाली. 1865 मध्ये सिनसिनाटीहून आलेल्या भगिनींनी सांता फेत रुग्णालय काढलं. माशबफ 1860 मध्ये डेन्व्हरला गेले आणि 1868 मध्ये तिथले बिशप झाले. 1869 मध्ये सांता फेच्या दगडी कॅथेड्रलचा पाया घातला गेला, मातीच्या विटांच्या जुन्या चर्चला वेढून. 1875 मध्ये लामी आर्चबिशप झाले. 13 फेब्रुवारी 1888 रोजी ते वारले तेव्हा तो प्रदेश त्यांना मिळाला होता त्यापेक्षा शाळा, दवाखाने आणि धर्मगुरू या सगळ्यांत कितीतरी पुढे होता. मुलींना शिकवणारी ती पहिली शाळा एवढी एक गोष्ट जरी त्यांनी केली असती, तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण धर्मगुरू बहुतेक फ्रेंच होते. लामींनंतरचे आर्चबिशप साल्पवाँत त्यांच्याच गावाकडचे, क्लेरमाँ धर्मप्रांतातले. मार्तिनेझ यांच्या शाळेतून निघणारी स्थानिक धर्मगुरूंची धार सुकली. पेनितेंते बंधुसंघांना लामींनी नियम घालून दिले, पुढच्या आर्चबिशपांनी ते जास्त कडक केले, आणि ते बंधुसंघ लोकांच्या नजरेआड गेले. चर्चनं त्यांना उघडपणे आपलं म्हटलं ते 1947 मध्ये, आर्चबिशप बर्न यांच्या काळात. न्यू मेक्सिकोच्या मातीतला, स्पॅनिश वंशाचा पहिला आर्चबिशप, रॉबर्ट सांचेझ, सांता फेच्या गादीवर बसला 1974 मध्ये. लामींच्या आगमनानंतर 123 वर्षांनी.

वेगळं काय करता आलं असतं

नव्या जागी वरून नेमलेला माणूस येतो तेव्हा त्याला दोन याद्या लागतात: काय मोडलं आहे, आणि काय अजून चालू आहे. लामींनी पहिली यादी फार बारकाईनं केली. दुसरी केली असती तर तिच्या वरच्या टोकाला ताओसची शाळा आणि पेनितेंते बंधुसंघ आले असते, आणि कदाचित सांता फेचे ओर्तिझही.

गालेगोस प्रकरणात निलंबन ठरलंच होतं, तर ते परतेपर्यंत थांबून, त्यांना समोर बोलावून करायला हवं होतं. तीन-चार महिन्यांचा उशीर झाला असता, पण 'पाठ फिरताच घेतलं' हे वाक्य लोकांच्या तोंडी आलं नसतं.

दशमांशाच्या पत्रकाबद्दल मी अजून साशंक आहे. दंड नसता तर पैसे आले असते का? स्थानिक लोकांकडे रोख पैसा फार थोडा होता, देणं धान्यात आणि जनावरांत होतं, आणि फ्रान्सहून येणारी मदत अनिश्चित होती. सक्ती नसती तर पुढच्या शाळा कदाचित दोन वर्षं उशिरा उभ्या राहिल्या असत्या. तो उशीर सोसायचा की नाही, हा निर्णय मला सोपा वाटत नाही. संस्कार रोखणं मात्र त्या पत्रकात नको होतं, एवढं मी नक्की म्हणेन. फी वाढवण्याचा दंड वाटाघाटीत कमी करता येतो. मरणाऱ्याला नाकारलेला परमप्रसाद परत देता येत नाही.

आणि ताओस. मार्तिनेझ यांच्या पत्राला राजीनामा समजून उत्तर देण्याआधी, लामींनी घोडा काढून तिथे जायला हवं होतं. आठवडाभर राहून, मार्तिनेझ यांच्या शाळेतली मुलं पाहून, त्यांच्यातला कोण तयार आहे हे विचारून, मगच नेमणुकीवर सही करायला हवी होती.